वेगाचा काटा आणि त्यावरचा शिक्का

सोयाबीनची ट्रॉली बाजार समितीत लागली की बार्शीटाकळीकडचा शेतकरी दोन गोष्टींवर डोळा ठेवतो : भाव आणि काटा. भावापुढे त्याचे फारसे चालत नाही. काट्याबाबत मात्र तो कोणाचे ऐकून घेत नाही. रिकाम्या काट्यावर शून्य दिसते का, पोते ठेवल्यावर आकडा स्थिर होतो का, मापारी हात तर लावत नाही ना, हे तो बघतो. शंका आलीच तर काट्यावरचा वैधमापन खात्याचा शिक्का कधीचा आहे, हेही विचारतो. हाच माणूस अकोल्याला जाऊन येतो आणि दोन दिवसांनी त्याच्या मोबाइलवर वेगमर्यादा ओलांडल्याचे चलान येते. आपला वेग कोणत्या यंत्राने मोजला, ते यंत्र कधी तपासले होते, असा प्रश्न तेव्हा त्याच्या मनात येत नाही. तो एक तर शिव्या घालून पैसे भरतो, नाही तर शिव्या घालून भरत नाही.

वेग हे वजनासारखेच एक माप आहे. ते मोजायला यंत्र लागते, यंत्राच्या हातून चुका होतात आणि त्या किती चालतील हे ठरवणारे नियमही आहेत. रडारने वेग मोजणारी यंत्रे तर १ जुलै २०२५ पासून वैधमापनाच्या त्याच नियमांखाली आली, ज्यांखाली अडत्याचा काटा आणि पेट्रोलपंपाचे माप तपासले जाते. म्हणून चलान चुकीचे वाटत असेल तर पोलिसाच्या हेतूवर बोलण्यापेक्षा मापावर बोलावे. त्यासाठी हे माप घेतात कसे, हे आधी समजून घ्यायला हवे.

रस्ते सुधारले, वेग वाढला

बार्शीटाकळी अकोल्यापासून विसेक किलोमीटरवर, मंगरुळपीरच्या रस्त्यावर. एका अंगाला अकोल्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि दुसऱ्या अंगाला, महान ओलांडून शेलूबाजारला गेले की समृद्धी महामार्ग. अमरावती ते अकोला या महामार्गाच्या खड्ड्यांनी वऱ्हाडातल्या लोकांची अनेक वर्षे हाडे खिळखिळी केली. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर सलग ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धीचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ रोजी उरलेला तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता वाहता झाला. काल चाळीसच्या वर जाऊ न देणारा रस्ता आज शंभराची परवानगी देतो, असे चालकाला वाटू लागते. पण परवानगी रस्ता देत नाही, कायदा देतो.

केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत मोटारीला द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्यावर १००, तर नगरपालिका हद्दीत आणि इतर रस्त्यांवर ७० किलोमीटर ही कमाल मर्यादा दिली आहे. मोटारसायकलला चारपदरीवर ८० आणि इतर रस्त्यांवर ६०, मालट्रकला चारपदरीवर ८० आणि इतरत्र ६०, तीनचाकीला सगळीकडे ५०. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच ठिकाणी ६५ ने जाणारी मोटार निर्दोष आणि तिच्या शेजारून ६५ ने जाणारा ट्रक दोषी, असे होऊ शकते. राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला एखाद्या पट्ट्यात याहून कमी मर्यादा घालता येते. त्यासाठी मोटार वाहन कायद्याचे कलम ११२ राजपत्रातली अधिसूचना आणि रस्त्यावरचा फलक, दोन्ही मागते. महिन्याभरापुरती मर्यादा असेल तर अधिसूचना लागत नाही, फलक मात्र लागतोच. हे ध्यानात ठेवावे, चलानाच्या वेळी कामी येते.

दोन खुणा आणि एक घड्याळ

वेग मोजण्याची सर्वांत जुनी रीत शाळेच्या गणितातली आहे. रस्त्यावर शंभर मीटर अंतराने दोन खुणा करायच्या आणि गाडीला पहिलीपासून दुसरीपर्यंत जायला किती सेकंद लागले ते घड्याळात बघायचे. पाच सेकंद लागले तर वेग ताशी ७२ किलोमीटर. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलीस झुडपाआड बसून असेच मोजत. त्यांच्या सापळ्यांची खबर चालकांना मिळावी म्हणून १९०५ मध्ये तिथे मोटारवाल्यांची संघटनाच उभी राहिली.

या पद्धतीची खोट घड्याळ दाबणाऱ्या बोटात आहे. शंभर मीटरच्या त्याच पट्ट्यात बोट अर्धा सेकंद आधी दाबले गेले तर पाचाचे साडेचार सेकंद होतात आणि ७२ चा वेग ८० दिसतो. गाडी तीच, चालक तोच आणि वेगात आठ किलोमीटरची भर. नुसत्या नजरेने सांगितलेला वेग तर त्याहून बेभरवशाचा. म्हणून १९०३ च्या ब्रिटिश मोटार कायद्यातच एक अट आली : एका साक्षीदाराच्या केवळ मतावरून कोणाला वेगासाठी दोषी ठरवू नये. ही अट आपल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आली आणि तिथून १९८८ च्या कायद्यात, कलम १८३ च्या तिसऱ्या पोटकलमात. एकट्या पोलिसाचे ‘गाडी फार जोरात होती’ हे मत पुरत नाही. त्या मतामागे यांत्रिक साधनाने घेतलेले मोजमाप असले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात ‘यांत्रिक’च्या जोडीला ‘इलेक्ट्रॉनिक’ हा शब्द घातला.

याचा उलटा अर्थ काढून मात्र फसू नये. यंत्र नसताना पोलीस धोकादायक पद्धतीने गाडी चालवल्याचे कलम १८४ लावू शकतात. तो वेगळा गुन्हा आहे, त्याला कैदेचीही शिक्षा आहे आणि तिथे वेगाचा नेमका आकडा सिद्ध करावा लागत नाही.

रडार : परतलेल्या लहरीतला फरक

अकोला–पूर्णा लाइनवर बार्शीटाकळीच्या फाटकाशी उभे राहिले तर एक गोष्ट कानाला कळते. शिटी वाजवत येणारी गाडी जवळ येईपर्यंत सूर उंच असतो आणि समोरून निघून जाताच तो एकदम उतरतो. इंजिन शिटी एकाच सुरात वाजवत असते. गाडी आपल्याकडे येताना ध्वनिलहरी दाटीने कानावर पडतात आणि दूर जाताना विरळ होतात, म्हणून फरक जाणवतो. ख्रिस्तियन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये हे तत्त्व मांडले. १८४५ मध्ये बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने आगगाडीत तुतारीवाले बसवून आणि फलाटावर कान तयार असलेले वादक उभे करून ते पडताळून पाहिले.

पोलिसांचे रडार हेच काम रेडिओलहरींवर करते. ते सेकंदाला ठरावीक कंपने असलेली लहर गाडीवर सोडते आणि आपटून परत आलेल्या लहरीची कंपने मोजते. गाडी समोरून येत असेल तर परतलेल्या लहरीची कंपने थोडी वाढलेली असतात. एका प्रचलित प्रकारच्या रडारची लहर सेकंदाला २४ अब्ज १५ कोटी कंपनांची असते. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी त्यात साधारण ३,६०० कंपनांची भर घालते. अब्जांमध्ये ही भर नगण्य वाटेल, पण पाठवलेली आणि परतलेली लहर एकमेकींत मिसळली की फक्त फरक उरतो आणि तो सहज मोजता येतो. हा फरक माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या सुरांच्या पट्ट्यात पडतो. म्हणूनच अमेरिकेतल्या पोलिसांकडे रडार तपासायला चक्क स्वरकाटा असे. ठरावीक सुराचा काटा वाजवून रडारपुढे धरला की पडद्यावर ठरावीक वेग दिसलाच पाहिजे.

रडारच्या चुका दोन प्रकारच्या, आणि त्यांतली एक चालकाच्या फायद्याची आहे. रडार फक्त आपल्या दिशेने येण्याचा वेग मोजते. ते रस्त्याच्या कडेला तिरपे उभे असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. २० अंशांच्या कोनातून पाहिले तर ८० ने जाणारी गाडी ७५ दाखवते. ‘पोलीस बाजूला उभे होते म्हणून वेग जास्त आला’ हा बचाव त्यामुळे उलटा पडतो.

दुसरी चूक खरी गंभीर आहे. रडारचा झोत फैलावतो. बारा अंशांचा झोत तीनशे मीटरवर साठ मीटरहून रुंद झालेला असतो. त्यात पुढची मोटारसायकल, मागची मोटार आणि शेजारच्या पदरातला ट्रक, सगळेच येतात. जी गाडी लहर जास्त परतवते तिचा आकडा पडद्यावर येण्याची शक्यता मोठी, आणि ट्रकचे पत्र्याचे धूड मोटारसायकलपेक्षा कितीतरी जास्त लहर परतवते. एकटी गाडी असेल तर प्रश्न नाही. गर्दीत मात्र ‘हा आकडा याच गाडीचा कशावरून?’ हा प्रश्न रास्त ठरतो. नव्या यंत्रांत प्रत्येक गाडीचा स्वतंत्र माग ठेवून तो सोडवलेला असतो.

लेझर : प्रकाशाची ये-जा

महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीत जी स्पीडगन असते ती लेझरची. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या ठिणग्या गाडीवर सोडते आणि प्रत्येक ठिणगी परत यायला किती वेळ लागला ते मोजते. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दीडशे मीटरवरच्या गाडीला लागून परत यायला त्याला सेकंदाचा दहा लाखावा भाग पुरतो. अशा एका मोजणीतून फक्त अंतर कळते. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात अशा कित्येक मोजण्या होतात आणि अंतर किती झपाट्याने कमी होत गेले त्यावरून वेग निघतो. ताशी ९० ने येणारी गाडी सेकंदाला २५ मीटर कापते. तेवढ्या क्षणात ती सात-आठ मीटर जवळ आलेली असते.

लेझरचा गुण म्हणजे झोत अरुंद असतो. तीनशे मीटरवरही तो मीटरभराच्या आत राहतो, त्यामुळे नेमकी कोणती गाडी मोजली हे सांगता येते. पण याच गुणातून त्याची चूक निघते. मोजणी चालू असताना हात हलला आणि प्रकाशाचा ठिपका समोरच्या काचेवरून घसरून नंबर प्लेटवर आला, तर गाडी जितकी सरकली त्याहून दीडेक मीटर जास्त जवळ आल्याचे यंत्राला वाटते. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात दीड मीटर म्हणजे ताशी सोळा-अठरा किलोमीटरची फुकट भर. ठिपका उलट दिशेने घसरला तर वेग तेवढाच कमी दिसतो. चांगले यंत्र मोजण्या एका रेषेत बसत नाहीत असे पाहून आकडाच देत नाही. तरीही यंत्र तिकाटण्यावर होते की हातात, आणि फोटोतली लक्ष्याची खूण गाडीच्या कोणत्या भागावर आहे, हे पाहणे अर्थपूर्ण ठरते. दुचाकीबाबत तर जास्तच, कारण तिथे नेम धरायला जागा कमी.

सरासरी : जिथे ब्रेक मारून भागत नाही

कॅमेरा दिसला की पाय ब्रेकवर आणि कॅमेरा मागे पडला की पुन्हा ॲक्सिलरेटरवर, ही आपल्याकडची सार्वत्रिक कला. तिच्यावरचा उतारा म्हणजे सरासरी वेग. रस्त्यावर काही किलोमीटरच्या अंतराने दोन कमानी उभ्या करतात. दोन्हींवरचे कॅमेरे नंबर प्लेट वाचून वेळ नोंदवतात आणि अंतराला वेळेने भागले की वेग हातात येतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या यंत्रणेत हीच सोय आहे.

इथे गंमत अशी की गणित जुन्या दोन खुणांचेच आहे. फक्त अंतर मोठे झाल्याने घड्याळाची चूक निरुपद्रवी झाली. शंभर मीटरच्या सापळ्यात अर्ध्या सेकंदाने आठ किलोमीटर वाढत होते. दहा किलोमीटरच्या पट्ट्यात पूर्ण सेकंदाची चूक झाली तरी १२० च्या वेगात अर्ध्या किलोमीटरचाही फरक पडत नाही. शिवाय सरासरी कधीच अन्याय करत नाही, कारण सरासरी १२५ आली तर वाटेत कुठेतरी गाडी किमान १२५ ने धावलीच असली पाहिजे. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर १२० च्या मर्यादेत जायला चार तास वीस मिनिटे लागतात. चार तासांत पोहोचल्याची फुशारकी मारणारा माणूस आपलाच कबुलीजबाब देत असतो.

याच हिशेबावर बेतलेली एक तरतूद कलम १८३ मध्ये आहे, ती फारशी कोणाला माहीत नाही. वेगमर्यादा मोडल्याशिवाय गाठताच येणार नाही असे वेळापत्रक कोणी छापले किंवा चालकाला तसा हुकूम दिला, तर तेच त्याच्या गुन्ह्याचा प्रथमदर्शनी पुरावा ठरते. रात्रीच्या ट्रॅव्हल्सचे वेळापत्रक हातात धरून कधी तरी हा भागाकार करून पाहावा.

‘माझ्या मीटरवर तर कमी होता’

चलान आल्यावर सर्वांत आधी तोंडावर येणारे वाक्य हेच. पण गाडीचा वेगमापक जाणूनबुजून जास्त दाखवणारा बनवलेला असतो. मोटारींच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये. जास्त मात्र दहा टक्के आणि वर चार किलोमीटरपर्यंत दाखवू शकतो. म्हणजे मीटरवर ८० दिसत असताना खरा वेग ७० च्या आसपासही असू शकतो. अपवाद मूळ मापापेक्षा मोठी चाके बसवणाऱ्यांचा : चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि मीटर कमी दाखवू लागतो. हौसेने टायर बदललेल्या माणसाने मीटरची साक्ष काढू नये, ती त्याच्याविरुद्धच जाते.

यंत्राचे कागद

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. स्पीड कॅमेरा, स्पीडगन, नंबर प्लेट वाचणारा कॅमेरा, पोलिसाच्या अंगावरचा कॅमेरा या सगळ्यांना तो लागू होतो. धोक्याच्या आणि वर्दळीच्या रस्त्यांवर, तसेच ठरवून दिलेल्या शहरांच्या मोक्याच्या चौकांत अशी यंत्रे बसवावीत, असे तो सांगतो. त्या यादीत महाराष्ट्रातली १९ शहरे आहेत. अकोला आणि अमरावती दोन्ही त्यांत येतात.

सामान्य माणसाच्या कामाच्या अटी पुढे आहेत. यंत्र अचूक आणि नीट चालते असे राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाचे मान्यता प्रमाणपत्र हवे आणि ते दर वर्षी नवे करून घ्यायला हवे. ज्या पट्ट्यात यंत्राने देखरेख होते त्याच्या आधी ठळक फलक हवा. गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवायची. सूचनेसोबत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण, मोडलेले कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र द्यायचे. हे शेवटचे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि त्याची जागा त्यातल्या कलम ६३ ने घेतली.

रडारच्या बाबतीत याच्या जोडीला वैधमापनाचे नवे नियम आहेत. यंत्राची पडताळणी होऊन त्यावर शिक्का हवा. या नियमांच्या मागे जी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे ती प्रत्यक्ष रस्त्यावर शंभरपर्यंतच्या वेगात तीन किलोमीटरची चूक चालवून घेते. म्हणून ७० च्या मर्यादेत ७२ चे चलान आले तर चुकीच्या या सवलतीबद्दल विचारणे योग्य आहे. ९४ चे आले असेल तर हा मुद्दा काढून काही साधत नाही.

भरायचे की भांडायचे?

कलम १८३ खाली हलक्या मोटारीला १,००० ते २,००० आणि अवजड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. महाराष्ट्रात मोटारीला सहसा २,००० चे चलान येते. ती रक्कम भरणे म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड. प्रकरण तिथे संपते आणि नंतर ‘माझी चूक नव्हती’ म्हणायला जागा राहत नाही. म्हणून आधी बघा, मग भरा.

बघायचे ते राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा वाहतूक पोलिसांच्या ॲपवर. मोबाइलवर आलेल्या कोणत्याही लिंकवर बोट ठेवण्याआधी ती सरकारी संकेतस्थळाची आहे याची खात्री करावी, कारण खोट्या चलानाच्या नावाने खाते रिकामे करणाऱ्यांचाही धंदा तेजीत आहे. फोटो उघडला की पहिला प्रश्न : गाडी आपलीच आहे का? नंबर वाचणारा कॅमेरा मळलेल्या प्लेटवर ३ चा ८ करतो, नक्षीदार अक्षरांत गोंधळतो, आणि कोणी आपल्या नंबरची खोटी प्लेट लावून फिरत असेल तर कॅमेऱ्याला ते कसे कळणार? गाडीचा रंग, मॉडेल, आरशावरचा ओरखडा, मागच्या काचेवरचे नाव, यांतला एक फरक दाखवता आला तरी तक्रार भक्कम होते. त्या वेळी आपली गाडी दुसरीकडे होती हे फास्टॅगच्या नोंदीवरून किंवा दुकानाच्या कॅमेऱ्यावरून दाखवता येते.

दुसरा प्रश्न : गाडी अजून आपल्या नावावर आहे का? वऱ्हाडात जुनी दुचाकी तोंडी व्यवहारात, फार तर शंभराच्या स्टॅम्पवर विकली जाते आणि चलाने मूळ मालकाकडे येत राहतात. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नमुना २९ भरून आरटीओला कळवायचे असते. गाडी दुसरा कोणी चालवत होता, तर कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारल्यावर त्याचे नाव सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

तिसरा प्रश्न ठिकाणाचा. चलानात लिहिलेली मर्यादा त्या रस्त्याची आणि आपल्या वाहनाच्या प्रकारची आहे का? मोटारीला ट्रकची मर्यादा लावलेली नाही ना? सर्वसाधारण मर्यादेपेक्षा कमी आकडा लावला असेल तर त्याचा फलक तिथे होता का? त्याच आठवड्यात जाऊन दोन्ही बाजूंनी, तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवावेत. सहा महिन्यांनी फलक लागला तर सिद्ध करायला काही उरत नाही.

चौथा प्रश्न यंत्राचा : त्याचा क्रमांक, प्रमाणपत्राची तारीख, शिक्का. हे चलानावर दिसत नसेल तर तक्रारीत लेखी मागावे. पोलिसांकडून न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

ऑनलाइन तक्रार चलानावर दिलेल्या मुदतीत करावी आणि तिची पोच जपावी. ती फेटाळली गेली तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाण्याचा मार्ग उरतो. तिथे गुन्हा कबूल नाही असे सांगितले की सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर येतो आणि यंत्राची कागदपत्रे मागता येतात. केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत असते, हाही मुद्दा जुन्या चलानांत येतो. पण उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, तेव्हा मुदत टळेपर्यंत लपून बसणे हा काही डावपेच नव्हे. थकीत चलान गाडी विकताना किंवा नावावर करताना आडवे येतेच. लोकअदालतीतही वाद मिटतो, पण तिथे निवाडा होत नाही, तडजोड होते. ज्याला आपण निर्दोष आहोत असे सांगायचे आहे त्याचे काम तिथे होत नाही.

काही बचाव मात्र कुठेच चालत नाहीत. ‘सगळेच तेवढ्या वेगात होते’, ‘रस्ता मोकळा होता’, ‘दवाखान्यात जायचे होते’. यांतला शेवटचा ऐकून न्यायालय दंड कमी करील, पण गुन्हा पुसणार नाही. मोकळ्या रस्त्याचे तर गणितच वेगळे आहे. ६० च्या वेगात धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर साधारण ४५ मीटर लागतात आणि ८० ला जवळजवळ ७०. वेग एक तृतीयांशाने वाढला, थांबण्याचे अंतर दीडपट झाले. रात्री बिनदिव्याची बैलगाडी किंवा रस्त्यावर उभी राहिलेली कापसाची ट्रॉली त्या वाढीव पंचवीस मीटरमध्येच असते.

जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलानाच्या तक्रारींवरून संप केला. चलाने माफ करा, ही अशा वेळची ठरलेली मागणी. माफीने एकदाचा दंड वाचतो, पण पुढचे मोजमाप होते तसेच राहते. त्यापेक्षा प्रत्येक वादग्रस्त चलानात यंत्राचे चालू प्रमाणपत्र मागितले गेले आणि ते नसेल तिथे चलान रद्द झाले, तर यंत्रे वेळेवर तपासून घेणे ही पोलीस खात्याचीच गरज बनेल. मग खोटे चलान येण्याची धास्ती ओसरेल आणि खरे चलान आलेल्या माणसाला यंत्राकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. मर्यादेत गाडी चालवणाऱ्याला या दोन्ही गोष्टी हव्याच आहेत.